आमच्या घराला अर्थ नव्हता

आमच्या घरात वीज होती, पण ती नेमकी कुठे कुठे होती हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

दिव्यांत होती, एवढं नक्की. पण ती लोखंडी कपाटाच्या मुठीतही होती, कपडे वाळत घालायच्या तारेत होती आणि पावसाळ्यात माजघराच्या भिंतीतसुद्धा होती. मी लग्न होऊन डहाणूला आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी मला घर दाखवलं.

"हे देवघर. ही कोठीची खोली. ह्या कपाटाला चप्पल घालून हात लावायचा, तोही डावा."

"डावा का?"

"उजव्या हाताने जेवायचं असतं."

माझं माहेर वाणगावच्या बाजूला, पाड्यावर. तिथे कंदील. मी चौथी पास, पण विजेबद्दल चौथीपर्यंत काही शिकवत नसत. मला वाटलं, वीज अशीच असायची. दुभती म्हैस पाळली की ती कधीतरी लाथ मारणारच, तसं.

हे घर सासऱ्यांनी एका म्हाताऱ्या पारशाकडून घेतलं होतं. तो म्हातारा जाताना वीज तशीच ठेवून गेला. लाकडी पट्ट्यांवरून कापड गुंडाळलेल्या वायरी गेल्या होत्या. त्यांतलं रबर उंदरांनी खाल्लं होतं, कापड झुरळांनी खाल्लं होतं आणि उरलेल्या भागावर आमचे दिवे लागत होते. माजघरात लोणच्याच्या बरण्यांच्या फळीवर एक काळी लोखंडी पेटी होती. वीज त्या पेटीतून घरात येते, एवढं आम्हाला ठाऊक होतं, म्हणून दसऱ्याला तिची पूजा व्हायची. लोक पेटीला बाहेरून हळदकुंकू लावतात. सासूबाईंचं म्हणणं, बाहेरून केलेली पूजा आत पोचत नाही. त्या पेटीचं दार उघडून आत चिमूटचिमूट कुंकू टाकायच्या.

दुसऱ्यांच्या घरी पाहुणा आला की त्याला बसायला पाट देतात. आमच्याकडे उभं राहायला द्यायचे. पाटावर उभं राहून बटण दाबलं की हाताला काही होत नाही, हा शोध सासूबाईंचा. त्यामुळे प्रत्येक बटणाखाली एक पाट मांडलेला असायचा, आणि जेवायची वेळ झाली की आम्ही सगळे जमिनीवर बसायचो.

त्यात भर घातली माझ्या दिरांनी. सदाशिव भाऊजी घोलवडला चिकूच्या गोदामात कारकून होते. चिकूची खोकी बांधायची तार त्यांना तिथे फुकट मिळायची, आणि फुकट मिळालेली तार माणसाला स्वस्थ बसू देत नाही. त्यांनी ती तार लावून घरभर नवीन बटणं बसवली. ओटीवरचं बटण दाबलं की न्हाणीघरातला दिवा लागायचा. जो आंघोळीला जाईल त्याने आतून हाक मारायची आणि ओटीवर जो असेल त्याने दिवा लावायचा. ओटीवर पाहुणे असले तर पाहुण्यांनी लावायचा.

मी मात्र विजेत एकदाच हात घातला. पेटीतला फ्यूज सारखा उडायचा. एकदा भाऊजी घरात नव्हते, सासूबाईंची पोथी अर्धी राहिली होती आणि त्या अंधारात माझ्या माहेराचा उद्धार करत होत्या. मी पाटावर चढले, अंबाड्यातला एक आकडा काढला आणि चिनी मातीच्या त्या फ्यूजमध्ये वाकवून बसवला. दिवे लागले. त्यानंतर आमचा फ्यूज कधीही उडाला नाही. सासूबाईंनी उभ्या आयुष्यात माझं एकदाच कौतुक केलं, ते त्या आकड्यासाठी. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "थोरलीने आकडा घातला तेव्हापासून वीज कशी मुकाट राहते."

आता मुद्द्याचं. मला जाऊ हवी होती. दिरांचं लग्न व्हावं असं घरात सगळ्यांनाच वाटत होतं, पण माझ्याइतकं कुणाला नाही. भाऊजींना बायको मिळते की नाही याच्याशी मला कर्तव्य नव्हतं. मला विहिरीवरून पाणी आणायला दुसरी बाई हवी होती. विहीर मागच्या दाराला, आणि आमच्या सासूबाईंना सोवळ्याचं पाणी, ओवळ्याचं पाणी, तुळशीचं पाणी, पायावर घ्यायचं पाणी, सगळं वेगळं लागायचं. माझी कंबर कळशीच्या आकाराची झाली होती.

मुलगी तलासरीकडची सांगून आली. सातवी फायनल झालेली. आईबाप नव्हते, मामाने वाढवलेली. मामाने भाऊजींना स्टेशनावर पाहिलं होतं आणि त्यांना ते पसंतही पडले होते (माणसं गर्दीत चांगली दिसतात). आता फक्त घर बघायचं राहिलं होतं. तलासरीकडे तेव्हा वीज नव्हती. मध्यस्थाने सांगून ठेवलं होतं की मुलाच्या घरात वीज आहे, रेडिओ आहे, टेबलफॅन आहे. सासूबाई मला म्हणाल्या, "मुलाला बघून कोण देतंय मुलगी? विजेवर देतायत. वीज आहे तोवर लग्न आहे."

आणि नेमकी त्याच आठवड्यात समोरच्या मंछीबेनच्या दुकानात वायर जळली. दुकान वाचलं, पण गुळाच्या ढेपा वितळून रस्त्यावर आल्या आणि गावात बभ्रा झाला. लगेच बातमी आली की वीज खात्याचा माणूस गावातली जुनी घरं तपासत फिरतोय, आणि वायरिंग खराब दिसलं की जागच्या जागी लाइन तोडतोय.

म्हणजे एकाच वेळी दोन माणसं आमचं घर बघायला यायची होती. एकाला वीज दाखवायची होती आणि दुसऱ्यापासून लपवायची होती. दोघांनाही आम्ही पाहिलेलं नव्हतं. आमचे हे रेल्वेच्या पार्सल ऑफिसात, भाऊजी घोलवडला. घरात मी आणि सासूबाई. सासूबाईंनी मला एका वाक्यात सगळं समजावलं.

"धोतर दिसलं की पाट मांड, पँट दिसली की दार लाव. धोतरवाला मामा, पँटवाला साहेब."

"आणि पँटवाला आत यायला लागला तर?"

"सांग, आमच्याकडे वीजच नाही."

पटण्यासारखं होतं. खेड्यातला मामा पँट कशाला घालेल, आणि सरकारी साहेब धोतर कशाला नेसेल?

दुपारी ऊन चांगलं तापलेलं असताना दारात धोतर आलं. वर काळा कोट, काळी टोपी, हातात लाकडी मुठीची छत्री. वयस्कर माणूस, घामाघूम.

"घर बघायला आलोय," ते म्हणाले.

"या मामा, या. वाटच बघत होतो."

ते जरा चपापले. पण म्हाताऱ्या माणसाला आमच्याकडे कुणीही मामा म्हणतं, त्यामुळे त्या हाकेवर त्यांची हरकत नव्हती. त्यांना नवल वाटलं ते "वाटच बघत होतो" याचं. मी त्यांना पाय धुवायला पाणी दिलं, माजघरात पाट मांडला, साजूक तुपातला शिरा दिला, वर सोललेले चिकू दिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, शिऱ्याकडे पाहिलं, आणि काहीएक न विचारता खायला लागले. माणसाला फार दिवसांनी कुणी माणसासारखं वागवलं की तो आधी खाऊन घेतो.

दुसरी बशी संपत आल्यावर त्यांनी विचारलं, "घरातलं मेन कुठाय?"

"मेन?" सासूबाई पदर सावरून म्हणाल्या. "मेन मीच. आमचे हे गेल्यापासून सगळं माझ्याच हातात आहे."

म्हाताऱ्याने मान डोलावली. तोंडात शिरा होता.

"लोड किती आहे घरावर?"

"छे हो. आमच्या घरावर कसलाच बोजा नाही."

मला राहवलं नाही. मी चुलीपासून म्हटलं, "सगळा लोड माझ्यावर आहे, मामा. स्वयंपाक, धुणी, विहिरीचं पाणी."

सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की चुलीतलं लाकूडही विझावं. मग पाहुण्याला म्हणाल्या, "म्हणून तर आता दुसरी आणतोय."

"दुसरी घेताय? मग परवानगी लागेल."

"तुमच्याच परवानगीसाठी थांबलोय की."

म्हातारा खूश झाला. "असं पाहिजे. लोक परस्पर घेतात आणि मग आम्हाला निस्तरावं लागतं. बरं, ही जुनी किती वर्षांची?"

सासूबाईंनी माझ्याकडे नजर टाकली. "ही? झाली बरीच वर्षं."

"मध्ये कधी बदलली नाही?"

"आमच्यात बदलायची पद्धत नाही. एकदा घरात आली की जन्मभर."

"तेच चुकतं लोकांचं," म्हातारा बोट चाटत म्हणाला. "वरनं बरी दिसते, आतनं पार गेलेली असते. कधी पेट घेईल सांगता येत नाही."

"अगदी माझ्या मनातलं बोललात," सासूबाई म्हणाल्या.

मुलीच्या मामाने माझ्याविषयी असं बोलावं याचा मला राग आला. पण जाऊ हवी होती. मी त्यांना फक्त आणखी शिरा वाढला नाही.

"मामा," सासूबाई उठून म्हणाल्या, "आता आमची वीज बघा."

"त्याच्यासाठीच तर आलोय."

सासूबाईंचा चेहरा उजळला. एवढ्यात ओटीवर पावलं वाजली. मी डोकावले. पँट होती. बुशशर्ट, काखेत पिशवी, पायात बूट. सासूबाईंनी मला डोळ्यांनीच दार दाखवलं आणि स्वतः कपाटाजवळच्या पाटावर चढल्या. मी बाहेर आले, दार अर्धं ओढून घेतलं आणि उंबऱ्यात आडवी उभी राहिले.

"नमस्कार," पँटवाला म्हणाला. तिशीतला, नम्र माणूस. नम्र सरकारी माणूस जास्त घातकी असतो, असं मी मनाशी म्हटलं. "घर बघायला आलो होतो. ऐकलं की तुमच्याकडे वीज आहे."

"कोण म्हणतं?"

"म्हणजे, सगळेच म्हणतात."

"लोक काय वाटेल ते बोलतात. आमच्याकडे वीज नाही. कधी नव्हतीच."

त्याने वर पाहिलं. खांबावरून तार आमच्याच कौलांवर आली होती.

"मग ही तार?"

"ती कावळ्यांना बसायला आहे."

माझ्या मागे सासूबाई एका पाटावरून दुसऱ्या पाटावर जात होत्या हे मला पावलांवरून कळत होतं. माजघरातला दिवा लागला. मग देवघरातला, कोठीतला, स्वयंपाकघरातला. भर दुपारी घर लग्नघरासारखं झगझगायला लागलं. अर्ध्या दारातून उजेड पँटवाल्याच्या बुटांवर पडला. त्याने बुटांकडे पाहिलं.

"आत दिवे लागलेत," तो हळूच म्हणाला.

"देवाचे आहेत."

"पिवळे दिसतात."

"तुपाचे आहेत."

मग टेबलफॅन सुरू झाला. आमचा फॅन सुरू झाला की गिरणी लागल्यासारखं वाटायचं. मी आवाज वाढवून म्हटलं, "आत दळण चाललंय." तेवढ्यात रेडिओ बोलायला लागला. त्या वेळचे रेडिओ बटण दाबल्यावर तापायला वेळ घ्यायचे. सासूबाईंनी तो केव्हाच लावला होता आणि तो आता नेमका तापला होता. एक भारदस्त पुरुषी आवाज घरातून बातम्या द्यायला लागला.

"घरात कोण बोलतंय?"

"सासूबाई."

"आवाज पुरुषाचा आहे."

"त्यांचा तसाच आहे. आमचे सासरे त्याच आवाजाने गेले."

पँटवाल्याने पिशवी या काखेतून त्या काखेत घेतली. म्हणाला, "म्हणजे वीज नाही हे नक्की?"

"देवाशपथ नाही."

"फार लांबून आलो होतो हो."

"तर मग लवकर निघा. उन्हाचं परत जायचंय."

तो खरोखरच पायरी उतरायला लागला. मी मनात सासूबाईंना शाबासकी दिली आणि स्वतःला त्याहून मोठी दिली. एवढ्यात समोरच्या ओट्यावरून मंछीबेन ओरडली, "अगं ए भाभी! तुज्या घरातनं धूर येते. जो, जो, मागे बघ!"

मी मागे वळले. सासूबाईंनी शेवटी इस्त्रीही लावली होती. आमच्या घरात एवढं सगळं एकदम कधीच लागलं नव्हतं. कोणताही शहाणा फ्यूज केव्हाच उडाला असता. पण आमच्या फ्यूजमध्ये माझा आकडा होता, आणि तो जुन्या लोकांच्या बांधणीचा, पक्का लोखंडी होता. तो काही उडेना. मग वायरच जळायला लागली. बरण्यांवरची लाकडी पट्टी धुमसत होती, उरलंसुरलं रबर वितळून काळे थेंब लिंबाच्या लोणच्याच्या बरणीला बांधलेल्या दादऱ्यावर पडत होते आणि रबराचा वास सुटला होता. सासूबाई पाटावर उभ्या राहून अजूनही पाहुण्यालाच सांगत होत्या, "आणि ही इस्त्री. सुनेला कोळसे फुंकायला नकोत."

म्हातारा शिऱ्याची बशी टाकून उडाला. "मेन बंद करा! आधी मेन बंद करा!"

"मी काय केलं?" सासूबाई म्हणाल्या.

"अहो मेन, मेन!"

"मी गप्प बसते, पण मी केलं काय?"

त्याने पुढे काही विचारलं नाही. पाटावर चढला, छत्री उलटी धरली आणि लाकडी मूठ पेटीच्या दांड्यात अडकवून खाली खेचली. खाडकन आवाज झाला. दिवे गेले, फॅन थांबला आणि बातम्या देणारा अर्ध्या शब्दावर गप्प झाला. त्याच हिसक्याने पेटीचं दार उघडलं आणि वर्षानुवर्षांचं दसऱ्याचं कुंकू म्हाताऱ्याच्या टोपीवर, कोटावर आणि मिशांवर सांडलं. नवरदेव असता तर शोभला असता.

मी पट्टीवर पाणी ओतायला कळशी उचलली. "पाणी नको, बाई!" तो एवढ्या जोराने ओरडला की मी कळशी त्याच्याच पायावर टाकली. मग कुणीतरी कोठीतलं पोतं पुढे केलं, ते घेऊन त्याने पट्टी दाबली. धुमसणं थांबलं. पायाला फार लागलं नव्हतं, असं तो म्हणाला, पण चेहरा तसं म्हणत नव्हता.

धूर विरळ झाल्यावर त्याने रुमालात धरून फ्यूज काढला, उजेडात नेला आणि आतली वस्तू चिमटीत उचलली.

"हे काय आहे?"

"आकडा," मी म्हणाले.

"केसांत घालायचा?"

"हो."

"मग इथे कशाला?"

"इथे जास्त टिकतो."

त्याने तो आकडा पुन्हा पुन्हा पाहिला. मग लंगडत सगळं घर फिरला. कपाटाची मूठ पाहिली, वाळत घालायची तार पाहिली, भाऊजींची चिकूची तार पाहिली आणि तिथे स्वतःशीच काहीतरी पुटपुटला. मागच्या दारी जाऊन भिंतीच्या पायथ्याशी वाकून शोधलं. परत येऊन माजघरात उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या घराला अर्थच नाही."

सासूबाईंनी इतका वेळ धूर सोसला होता, कुंकू सोसलं होतं. हे त्यांना सोसवलं नाही.

"अर्थ नाही म्हणजे? आम्ही काय भिकेला लागलोय? थोरला रेल्वेत आहे. धाकटा गोदामात कारकून आहे."

"मी पैशांचं नाही म्हणत. अर्थ. जमिनीत असतो तो."

"जमीनही आहे आमची. चिंचणीच्या बाजूला."

"तसं नव्हे हो. घरामागे खड्डा खणून पुरलेला असतो तो अर्थ. तुमच्याकडे पुरलेला नाही."

सासूबाई पांढऱ्या पडल्या. मग तांबड्या झाल्या. "मुलीच्या मामाने पहिल्या भेटीत यायचं, पोटभर शिरा हाणायचा, आणि घरामागे काय पुरलंय ते विचारायचं? अशा घरची मुलगी आम्हालाच नको."

"कुठली मुलगी?"

"तुमची भाची."

"मला भाचीच नाही. मला बहीणही नाही. मी वीज खात्याचा माणूस."

मी सावकाश दाराकडे पाहिलं. धूर बघून पँटवाला मदतीला आत आला होता. पोतं त्यानेच तर उचलून दिलं होतं, ते मला आता आठवलं. तो कपाटापासून अंग चोरून उभा होता.

"मामा मी," तो म्हणाला. "तलासरीचा. शाळामास्तर आहे."

सासूबाईंनी धोतराकडे पाहिलं. पँटकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, जणू दोघांचे कपडे मीच शिवले होते. शेवटी कसाबसा आवाज काढून मला म्हणाल्या, "पाट मांड."

मी पाट मांडला. मास्तरांनी पाटाकडे बघून विचारलं, "बसायचं की उभं राहायचं?"

बसले. शिरा संपला होता, म्हणून त्यांना मी चिकू दिले. वीज खात्याच्या साहेबांनी उभ्यानेच निकाल सांगितला. लाइन आजपासून बंद. सगळं वायरिंग नवीन, चिकूची तार घराबाहेर, पेटी बदलायची, आणि अर्थ पुरायचा. मागच्या दारी खोल खड्डा, त्यात नळी, मीठ आणि कोळसा, आणि तिथली जमीन कोरडी होऊ द्यायची नाही. सगळं नीट झालेलं दिसलं की लाइन परत. सासूबाईंच्या कानांत "लाइन बंद" याच्या पुढचं काही शिरलं नाही. त्यांचं गणित सोपं होतं: वीज गेली, मुलगी गेली. माझं त्याहून सोपं होतं. जाऊ गेली. मला विहिरीचा रहाट डोळ्यांसमोर दिसायला लागला.

मास्तरांनी चिकूची बी काढून बशीच्या काठाला नीट ठेवली आणि सासूबाईंना म्हणाले, "घर पाहिलं. मला पसंत आहे."

"अहो, पण वीज..." सासूबाई म्हणाल्या.

"वीज नाही, हे वहिनींनी मला दारातच सांगितलं. देवाशपथ घेऊन सांगितलं. आजकाल दारात खरं सांगणारी माणसं मिळत नाहीत."

ते हे कुठल्या तोंडाने बोलले ते मला आजवर कळलेलं नाही. चेहरा सरळ होता. मास्तरांचे चेहरे सरळच असतात. साहेब तेवढे कुंकवाच्या मिशांतून खोकले.

"फक्त एक आहे," मास्तर म्हणाले. "मुलगी सातवी फायनल झालीय. तिला बोर्डीच्या शाळेत शिक्षिकेची जागा मिळतेय. सकाळच्या बसने जाईल, संध्याकाळी येईल. तुमची हरकत नसेल तर."

एरवी सासूबाईंनी असा मामा त्याच पायरीवरून परत पाठवला असता. पण घरात धूर होता, लोणचं काळं झालं होतं, माझा आकडा साहेबांच्या हातात होता. त्या हो म्हणेनात आणि त्यांना नाहीही म्हणता येईना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आणि मी म्हणाले, "करू दे की नोकरी. हरकत कसली? शिकलेल्या मुलीने घरात बसून काय करायचं?"

हे वाक्य माझं आहे. कुणी माझ्या तोंडात घातलं नाही. जाऊ हातची जातेय या भीतीने मी एवढी घाबरले होते की सकाळच्या बसने जाणारी जाऊ विहिरीवर कधी जाणार, हा हिशेब माझ्या डोक्यात आलाच नाही.

संध्याकाळी हे घरी आले. दारातून म्हणाले, "अंधार का?"

"लग्न ठरलं," मी म्हणाले.

"मग दिवे लावा की."

"त्याच्यावरच ठरलं. दिवे गेले तेव्हा ठरलं."

त्यांनी पुढे विचारलं नाही. रेल्वेत नोकरी करणारा माणूस उशीर का झाला हे विचारत नाही.

लग्न गॅसबत्तीच्या उजेडात झालं. साहेबांना आमंत्रण होतं. ते आले, पँट घालून आले, आणि शिरा आहे का ते आधी विचारलं. भाऊजींनी चिकूची तार गोळा करून गोदामात परत केली आणि मागच्या दारी विहिरीपासून थोड्या अंतरावर खड्डा खणला. साहेबांनी स्वतः उभं राहून नळी, मीठ, कोळसा घालून घेतलं. नवीन वायरी आल्या, नवीन पेटी आली. कपाट उजव्या हाताने उघडायला लागलं. सगळे पाट मोकळे झाले आणि आम्ही पुन्हा त्यांच्यावर बसून जेवायला लागलो. सासूबाईंना काही दिवस ते फार बुटकं वाटायचं.

जाऊ चांगली निघाली. शहाणी, गोड बोलणारी, कधी उलट शब्द नाही. सकाळी वेणी घालून, डबा घेऊन बोर्डीच्या बसला जायची. (डबा मी करायची.) संध्याकाळी मुलांवर ओरडून घसा बसलेला असायचा, म्हणून आलं घालून चहा. (चहाही मीच.) विहिरीकडे तिने पाहिलं ते खिडकीतून.

लाइन परत जोडली त्या दिवशी साहेबांनी जाताना मला बोलावून बजावलं होतं, "बाई, आकड्याचं मी विसरलो. पण त्या खड्ड्यात रोज कळशीभर पाणी घाला. विसरू नका. सगळ्या घराचा जीव त्याच्यावर आहे."

सोवळ्याचं पाणी, ओवळ्याचं पाणी, तुळशीचं पाणी, पायावर घ्यायचं पाणी, आणि आता विजेचं पाणी. एक कळशी कमी व्हावी म्हणून मी जाऊ आणली होती. तेव्हापासून आमच्या घराला अर्थ आहे. तो मागच्या दारी पुरलेला आहे, आणि त्याला रोज पाणी मी घालते.